उभ्याने रंगणारं नाटक : पांढुर्णा-सौंसरच्या खडीगंमतीची प्रस्तावना

मराठी रंगभूमीवरच्या पुस्तकांत खडीगंमतीला सहसा एखादा परिच्छेद मिळतो. विदर्भातलं लोकनाट्य, तमाशाच्या जवळचं, बायका नाहीत, पुरुषच लुगडं नेसून नाचतात, एवढं सांगून लेखक पुढे सरकतो. त्यातही विदर्भ म्हणजे महाराष्ट्राचा विदर्भ. नरखेड-सावनेरच्या पलीकडे, सातपुड्याच्या दक्षिण उतारावर पांढुर्णा आणि सौंसर आहेत आणि तिथेही याच वळणाच्या बोलीत, याच ढोलकीवर गंमत उभी राहते, हे त्या परिच्छेदात मावत नाही. भोपाळकडून पाहिलं तर माळव्याचा माच दिसतो, बुंदेलखंडाचा स्वांग दिसतो, निमाडची गम्मत दिसते. मराठीतून बोलणारी गंमत दिसायला मान वळवावी लागते. दोन राज्यांच्या मध्ये राहिलेल्या या कलेसाठी पुढची पानं आहेत.

प्रस्तावनाकाराने आपलं म्हणणं शेवटपर्यंत झाकून ठेवू नये. नाच, विनोद आणि अंगाभिनय एकत्र आणणारे, वेगवेगळ्या संस्कृतींतल्या कलावंतांना एका मंचावर उभे करणारे प्रयोग आज शहरांत मोठ्या हौसेने होतात. त्यांची भारदस्त नावं असतात, टिपणं असतात, अनुदानाचे अर्ज असतात. गंमतीत हीच सरमिसळ गरजेपोटी झाली. समोरचा प्रेक्षक एका बोलीचा नव्हता. रंगमंच नव्हता, पडदा नव्हता, चारी बाजूंनी माणसं होती. शब्दाने जे पोहोचणार नव्हतं ते अंगाने पोहोचवणं भाग होतं. त्यामुळे आजच्या रंगकर्मींना गंमतीकडून काही घ्यायचं असेल तर तिचा पोशाख आणि ठेका घेऊन भागणार नाही. तिची काम करण्याची रीत घ्यावी लागेल.

या रीतीची मुळं इथल्या भूगोलात आणि राजकारणात आहेत. हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा. त्याच घराण्यातल्या बख्त बुलंद शाहाने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत सत्ता नागपूरकर भोसल्यांकडे गेली. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं; १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश हे नाव आलं तेव्हाही राजधानी नागपूरच होती. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि छिंदवाड्याचा मराठी दक्षिण भाग त्याच्याबरोबर तिकडे राहिला. सोयरीक नागपूर-काटोलला, बाजार नागपूरला, कचेरी छिंदवाड्याला, राजधानी भोपाळला, अशी लोकांची चारी दिशांना धावपळ सुरू झाली. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं, तेव्हा निदान कचेरी तरी जवळ आली.

संत्र्याच्या बागा आणि कापसाची शेती यांच्यामध्ये वसलेल्या या गावांत एकाच ओट्यावर चार तऱ्हेचं बोलणं ऐकू येतं. घरात वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी, शाळेत आणि तहसिलीत हिंदी, भोयर पवारांच्या घरी पवारी, गोंडांच्या वस्तीत गोंडी. कुणी कुणाची बोली पूर्ण बोलत नाही, पण थोडीथोडी प्रत्येकाला कळते. अशा गावात नाटक करणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या रात्रीच समजते: शब्दांवर विसंबलेला विनोद पहिल्या तीन रांगांतच विरतो, आणि चालण्यातला विनोद मागे झाडावर चढून बसलेल्या पोरापर्यंत जातो.

गंमतीचा फड तसा लहान. एक शाहीर, त्याच्यामागे झील धरणारे, ढोलकीवाला, तुणतुणं, मंजिरी, कुठे डफ, एक किंवा दोन नाच्ये, आणि सोंगाड्या. सगळे उभे. वादकही ढोलकी कमरेला बांधून उभ्यानेच वाजवतात. गण होतो, गौळण होते, लावणी होते, सवाल-जवाबाचा झगडा होतो, मधूनमधून सोंगं आणि बतावणी, आणि रात्र चढत जाते. ही क्रमवारी तमाशाच्या वाचकाला ओळखीची वाटेल. फरक उभं राहण्यात आहे. बसलेला वादक साथ करतो. उभा वादक पात्र होतो. ढोलकीवाला दोन पावलं पुढे आला की तो सासरा, मागे गेला की पुन्हा ढोलकीवाला. झीलकऱ्यांची ओळ क्षणात गावकरी होते, क्षणात पोलीस, क्षणात नदीचा काठ. कुणी आत जात नाही आणि बाहेर येत नाही, कारण आत नाहीच. प्रवेश म्हणजे नुसता खांद्याचा बदललेला कोन.

नाच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. मराठी वाचकाच्या मनात नाच्या म्हटलं की आनंद यादवांची 'नटरंग' कादंबरी किंवा तिच्यावरचा २०१० चा चित्रपट उभा राहतो. त्यातला नाच्या तमाशातला. तिथे नाचायला बाई असते आणि नाच्या तिच्या बाजूला लचकत, चेष्टेचा विषय होत वावरतो. खडीगंमतीतला नाच्या वेगळा. इथे बाई तोच. राधा तो, मावशी तो, पाटलीण तो, कैकेयीही तोच. लावणीचा भार त्याच्या पायांवर, गौळणीचा गोडवा त्याच्या मानेवर. संगीत नाटकांतल्या स्त्रीपार्टी नटांना शालू, दागिने, दिव्यांची रोषणाई आणि प्रेक्षकांपासून बारा हातांचं अंतर मिळालं. गंमतीतल्या नाच्याला हातभर अंतरावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून बाई व्हावं लागतं. त्याच्या मनगटावरचे केस दिसतात, दिवसा शेतात काम केल्याच्या खुणा दिसतात, आणि तरीही राधा दिसते. हा भ्रम अंगाच्या शिस्तीतून येतो. पाऊल किती उचलायचं, पदर कुठल्या बोटांनी धरायचा, वळताना आधी नजर की आधी कंबर, हे सारं गुरूच्या मागे उभं राहून उचललेलं असतं; लिहून ठेवलेलं कुठेच नाही.

सोंगाड्याचं काम याच्या उलट. नाच्या भ्रम उभा करतो, सोंगाड्या तो पाडतो. गौळणीत पेंद्या लंगडत, अडखळत येतो आणि राधेच्या सगळ्या नजाकतीची आपल्या लंगड्या पायाने नक्कल करतो. प्रेक्षक दोघांवरही हसतो, पण नाच्याचा नाच त्याने उणावत नाही. उलट, बिघडलेली चाल पाहिल्यावर नीट चाल किती कठीण होती ते कळतं. नाच आणि विनोद यांना एकमेकांच्या कुशीत ठेवण्याची ही युक्ती मोठी आहे. शहरातल्या कितीतरी प्रयोगांत नाच संपतो, मग विनोद सुरू होतो, मग पुन्हा नाच. इथे दोन्ही एकाच तालावर, एकाच वेळी चाललेले असतात.

बोलींच्या सांध्यावर ही युक्ती कशी चालते, ते दाखवायला एक प्रसंग कल्पनेने उभा करतो. सोंगाड्या शेतकरी झाला आहे आणि खसऱ्याची नक्कल आणायला तहसिलीत गेला आहे. शाहीर बाबू होतो आणि भरधाव कचेरी-हिंदीत कागदांची यादी सुरू करतो. सोंगाड्या म्हणतो, "नक्कल पाह्यजे होती जी, साहेब." बाबूचा आवाज एक पट्टी चढतो, सोंगाड्याचा कणा एक बोट वाकतो. पुन्हा यादी, पुन्हा "पाह्यजे होती जी", आवाज आणखी वर, कणा आणखी खाली, आणि प्रत्येक वाकण्याला ढोलकीची एकेक थाप. शेवटी शेतकऱ्याचं कपाळ जमिनीला टेकतं. तेवढ्यात नाच्या त्याची बायको होऊन येतो, ताठ मानेने, संथ पावलांनी, एक शब्द न बोलता. आता बाबूचा कणा वाकू लागतो, त्याच थापांवर. इथे हिंदी न कळणारा हसतो, मराठी न कळणारा हसतो, आणि दोन्ही कळणारा जरा जास्त वेळ हसतो. सत्तेची सगळी गोष्ट तीन पाठीच्या कण्यांत सांगून झाली.

फ्रान्समध्ये जाक लकोक यांनी पॅरिसला आपली नाट्यशाळा काढली ती १९५६ साली. मुखवटा, विदूषक, चाल, समूहाचं अंग यांतून नाटक घडवायला त्यांनी शिकवलं, आणि जगभर जिला आज फिजिकल थिएटर म्हणतात तिच्या मोठ्या झऱ्यांपैकी तो एक झाला. त्याच वर्षी सातपुड्याच्या उतारावर नकाशाची नवी रेघ ओढली गेली. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मात्र पॅरिसमध्ये जे सूत्र वर्गात बसून शोधलं जात होतं, ते इथे निरक्षर सोंगाड्यांच्या हाती आधीपासून होतं, एवढं नोंदवायला हरकत नसावी. लकोकना शिष्य मिळाले, आणि ते शिष्य नाव घेऊन देशोदेशी गेले. सोंगाड्याला शिष्य मिळाले ते भावकीतले.

संस्कृतींच्या देवाणघेवाणीचा विचार केला तर गंमतीच्या पोटात आधीच मोठा ऐवज आहे. तुरा आणि कलगी या शाहिरांच्या दोन परंपरांचं मूळ आख्यायिका तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर या दोघांपाशी नेते, आणि त्यांना मान देणारा राजा चंदेरीचा, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातलाच. तुरेवाले शिवाची बाजू घेतात, कलगीवाले शक्तीची. भेदिक कूट टाकायचं, समोरच्याने ते सोडवायचं, आणि हरला तरी फडात उभं राहायचं. राजस्थानातल्या मेवाडपासून महाराष्ट्रापर्यंत हा वाद गात गात पसरला. एक गोसावी आणि एक फकीर यांच्या भांडणातून शेकडो वर्षं करमणूक चालावी, याहून मोठा सहयोग कोणता? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात, माणसं रक्तबंबाळ होतात, आणि बातमी देशभर जाते. त्याच मातीत दोन पक्ष रात्रभर समोरासमोर उभे राहून फक्त कवनं फेकतात, त्याची बातमी होत नाही.

शेजारही तितकाच श्रीमंत. दिवाळीच्या दिवसांत गोंडांच्या दंडारीचे ताफे गावोगाव फिरतात, नाचतात आणि सोंगं करतात. बैतुल-छिंदवाड्याकडचे कोरकू खांबाभोवती खंब स्वांग करतात. पूर्वेला छत्तीसगढात नाचा आहे. त्याचंही एक नाव गम्मत, आणि त्याच्या जुन्या रूपाला खडे साज म्हणत, कारण तिथलेही वादक वाद्यं कमरेला बांधून उभे असत. मराठ्यांच्या छावणीतल्या करमणुकीतून नाचा घडला असं मानणारे अभ्यासक आहेत. नागपूरकर भोसल्यांचं राज्य छत्तीसगढावरही होतं, हे लक्षात घेतलं तर सौंसरची गंमत आणि राजनांदगावकडचा नाचा ही एकाच वाड्यातून बाहेर पडून दोन भाषांत वाढलेली भावंडं वाटू लागतात. इकडे नाच्या आणि सोंगाड्या, तिकडे परी आणि जोक्कड. कामाची वाटणी तीच.

या भावंडाची पुढची कथा आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. हबीब तनवीर लंडनला नाट्यशिक्षण घेऊन परतले आणि १९५८ मध्ये त्यांनी दिल्लीत 'मृच्छकटिक' बसवताना सहा छत्तीसगढी लोककलावंत घेतले. १९५९ मध्ये नया थिएटर निघालं. पुढची कित्येक वर्षं प्रयोग म्हणावे तसे जमेनात. तनवीरांनी नंतर स्वतःच कारण सांगितलं: गावच्या नटांना ते हिंदीत बोलायला लावत होते आणि मंचावर कुठे केव्हा उभं राहायचं हे आखून देत होते. जो नट समोरचा माणूस हसला की तिकडे वळायला शिकला आहे, त्याला खडूच्या खुणेवर उभं केलं की त्याचं अंग गोठतं. १९७३ च्या रायपूरच्या शिबिरात त्यांनी दोन्ही बंधनं सोडली, तीन जुन्या नाचा-प्रसंगांना जोडून 'गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद' उभं राहिलं, आणि १९७५ चं 'चरणदास चोर' १९८२ मध्ये एडिंबरोहून फ्रिंज फर्स्ट पुरस्कार घेऊन आलं. दिग्दर्शकाने आपली आखणी मागे घेतली, तेव्हा कुठे सहयोग सुरू झाला.

मराठीतही याच काळात लोकनाट्याच्या अंगाला नवं नाटक भिडलं. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना एकत्र आली. ब्राह्मणांची डुलणारी रांग कधी पडदा झाली, कधी भिंत, कधी जमाव. १९८० मध्ये ते नाटक युरोपात फिरलं. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ब्रेश्टवरून केलेलं 'अजब न्याय वर्तुळाचा' विजया मेहतांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेवित्झ यांच्यासह बसवलं. ही कामं मोठी आहेत. पण त्यांतल्या लोककलेचे अंश कोकणातल्या खेळ्यांतून, दशावतारातून आणि पश्चिम महाराष्ट्राच्या तमाशातून आले. खडीगंमतीपर्यंत पुण्या-मुंबईची वाट तेव्हा पोहोचली नाही, आणि सीमेपलीकडच्या पांढुर्ण्यापर्यंत तर नाहीच.

न पोहोचण्याचा एक फायदा झाला, तो म्हणजे गंमत कुणाच्या पसंतीसाठी घासूनपुसून गुळगुळीत झाली नाही. तोटे मात्र उघड आहेत. मुलं हिंदी माध्यमात शिकतात, तेव्हा भेदिकाचं कूट सोडवायला लागणारी मराठी पातळ होते. लग्नात आणि गणपतीत डीजे स्वस्त आणि सोपा पडतो. सरकारी मोहिमा शाहिरांना बोलावतात, पण व्यसनमुक्ती आणि साक्षरतेचा मजकूर वीस मिनिटांत बसवायचा असतो. रात्रभर फुलणारी कला वीस मिनिटांत घोषणा होते. लुगडं नेसायला तयार होणारा मुलगा मिळणं तर सर्वांत कठीण, कारण रात्री टाळ्या मिळवणाऱ्या नाच्याला दिवसा गावाची चेष्टा सोसावी लागते. त्या चेष्टेविषयी लोककलेचे गोडवे गाणारे आपण फारसं बोलत नाही.

या परिस्थितीत शहरातला एखादा नृत्यगट, परदेशातला एखादा विदूषक-कलावंत किंवा नाट्यशाळेतली तरुण मंडळी गंमतीबरोबर काम करू पाहत असतील, तर त्यांचं स्वागतच आहे. जगात अशा भेटींचे दोन्ही धडे उपलब्ध आहेत. पीटर ब्रूक यांचं 'महाभारत' १९८५ मध्ये आव्हिन्यों महोत्सवात झालं तेव्हा त्याची भव्यता सर्वांनी मानली, पण भारताकडून घेतलं किती आणि दिलं काय, हा रुस्तुम भरुचांसारख्या समीक्षकांचा प्रश्न आजही मिटलेला नाही. दुसरीकडे युजेनिओ बार्बा यांच्या ओडिन थिएटरने १९७४ मध्ये दक्षिण इटलीतल्या खेड्यात अदलाबदलीची प्रथा सुरू केली: आम्ही आमचा खेळ दाखवू, मोबदल्यात तुम्ही तुमची गाणी आणि नाच दाखवा. पैसा नाही, तिकीट नाही, आणि कुणीही नुसता प्रेक्षक नाही.

गंमतीच्या मंडळींना ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. त्यांच्या फडात ती रोजचीच आहे. शाहीर गात असताना सोंगाड्या त्याला तोडू शकतो. सोंगाड्याचं लांबलं की ढोलकीवाला एका थापेने त्याला आवरतो. नाच्या थकला तर झीलकरी कडवं फिरवून त्याला दम खायला देतात. आणि प्रेक्षकातल्या म्हाताऱ्याने टोमणा मारला तर त्याचं उत्तर देणं हे शाहिराचं कर्तव्य असतं. मुख्य कोण, हे रात्रीत दहा वेळा बदलतं. प्रत्येकाला मोडता घालण्याचा हक्क असतो आणि मोडता घातल्यावर खेळ सावरण्याची जबाबदारीही असते. मी जिला गंमतीची काम करण्याची रीत म्हणतो ती हीच.

म्हणून सहयोग करणाऱ्यांपुढे तीन अटी ठेवतो. पहिली, तालीम पांढुर्ण्यात किंवा सौंसरला व्हावी, मुंबईच्या वातानुकूलित सभागृहात नव्हे. ज्या प्रेक्षकाने ही कला घडवली तो तालमीतही हजर असला पाहिजे. दुसरी, सोंगाड्याला दिग्दर्शकाची नक्कल करण्याची मुभा असावी, आणि ती दिग्दर्शकाला मानवावी. तिसरी, जाहिरातीवर नाच्याचं आणि शाहिराचं नाव निर्मात्यांच्या ओळीत यावं, 'स्थानिक कलाकार' या सदरात नव्हे. मानधनही त्याच ओळीतलं असावं. या अटी पाळायला नवी संस्था उभारायची गरज नाही. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र नागपुरातच आहे आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश ही दोन्ही राज्यं त्याच्या कक्षेत येतात. मध्य प्रदेशाची मराठी साहित्य अकादमी भोपाळला आहे. दोघांनी मिळून एका हंगामात गंमतीच्या चार रात्री पूर्ण लांबीने, कापाकाप न करता चित्रित केल्या, कवनांसोबत पावलं आणि हातवारेही नोंदवले, तर पुढच्या पिढीला निदान शिकायला काहीतरी हाती लागेल.

पुढची पानं वाचताना वाचकाने एवढंच करावं: जिथे संवाद तोकडा वाटेल तिथे उठून उभं राहावं आणि तो प्रसंग अंगाने करून पाहावा. कागदावर गंमत अर्धीच उतरते. उरलेली अर्धी शिकवणारी माणसं सौंसर-पांढुर्ण्यात आहेत, नागपूरहून गाडीने सकाळी निघालं तर दुपारच्या आत त्यांच्या दारात पोहोचता येतं.